खुडूक कोंबडी अंड्यांवर बसल्या बसल्या आजारी पडली तर

प्रश्न, थोडक्यात: आम्ही गोराई गावात राहतो. घरी तीन गावठी कोंबड्या आहेत. कोंबडा गटारीला कापला. श्रावणात आमच्याकडे अंडं खात नाहीत, म्हणून साठलेली १४ अंडी नारळी पौर्णिमेला खुडूक, म्हणजे उबवायला बसलेल्या कोंबडीखाली ठेवली. आज बारावा दिवस. गेले चार दिवस ती पेटीतून उठतच नाही. तुरा पांढुरका पडलाय, शिट हिरवी आणि पातळ, मागच्या पिसांना चिकटलेली. पेटीत हात घातला की बारीक किडे हातावर चढतात आणि नंतर खाज सुटते. शेजारच्या काकी टेट्रासायक्लिनची कॅप्सूल पाण्यात घालून द्या म्हणतात. सासूबाई म्हणतात, खुडूक कोंबडी अशीच असते, हात लावू नका. बाकीच्या दोन कोंबड्या ठणठणीत आहेत. अंडी काढून घेऊ का?

उत्तर:

ताई, सासूबाईंचं निम्मं बरोबर आहे. खुडूक कोंबडी खाणं कमी करतेच. तुरा आक्रसतो, थोडा फिका पडतो, छातीची पिसं गळतात, जवळ गेलं की अंग फुगवून घुरघुरते आणि चोच मारते. दिवसातून एकदा, फार तर दोनदा उठते, पंधरा-वीस मिनिटांत दाणा-पाणी उरकते, एक भलीमोठी, नाक धरायला लावणारी शिट टाकते आणि परत जाऊन बसते. अंड्यांवरून उठताना तिचं वजन दहा-पंधरा टक्क्यांनी, कधी वीस टक्क्यांपर्यंतही उतरलेलं असतं. हे सगळं रीतसर आहे.

पण चार दिवस न उठणं रीतसर नाही. पांढुरका तुरा, हिरवी पातळ शिट आणि हातावर चढणारे किडे हे तिन्ही एकत्र आले म्हणजे तिला मदत हवी, आणि आजच हवी. खुडूक कोंबडीच्या बाबतीत आजार उशिरा कळतो तो याचमुळे. गप्प बसणं, कमी खाणं, डोळे अर्धवट मिटणं ही खुडूकपणाचीही लक्षणं आणि दुखण्याचीही. म्हणून पेटीत बसलेल्या कोंबडीकडे बघून मी कधीच काही ठरवत नाही. तिला उचलून जमिनीवर ठेवायचं आणि मग बघायचं.

उचलायची पद्धत सांगतो, कारण घाईत अंडी फुटतात ती इथेच. दुपारी उन्हाचा उजेड असताना हे करा. आधी एका हाताने तिचा एक पंख हलकेच वर करा, मग दुसरा. खुडूक कोंबडी पंखाखाली, काखेत अंडं धरून बसते आणि तशीच उचलली की ते वरून खाली पडतं. काखा मोकळ्या झाल्या की दोन्ही तळवे पोटाखालून घाला, पाय बोटांमध्ये धरा आणि सरळ वर उचला. अंगणात पेटीपासून जरा लांब, समोर पाणी आणि दाणा ठेवून तिला खाली ठेवा आणि तुम्ही बाजूला व्हा. पहिलं मिनिटभर ती तशीच फतकल मारून बसेल, पाय आखडलेले असतात. मग उठून अंग झाडेल, शिटेल आणि पाण्याकडे वळेल. ती वळली, अधाशासारखी खायला लागली, तर अंगात अजून जोर आहे, घरच्या घरी सावरता येईल. पाच-दहा मिनिटांनंतरही कुबड काढून डोळे मिटून उभी राहिली, तोंड उघडून श्वास घेत असली, मान वाकडी होत असली किंवा पायावर उभीच राहत नसली, तर पुढचं काही वाचत बसू नका. अंडी तशीच सोडून तिला दवाखान्यात न्या. परळचं बैलघोडा हॉस्पिटल किंवा तिथलंच मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय. गोराईहून म्हणजे आधी बोट, मग लोकल, हे मला माहीत आहे. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, खाली जाड कापड घालून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत डोकं बाहेर काढून नेऊ नका, आजारी पक्षी त्या उबेनेच जातो.

ती चालती-फिरती असेल तर पुन्हा पेटीत ठेवण्याआधी मांडीवर घेऊन चार ठिकाणी हात लावा. छातीच्या मधलं हाड: दोन्ही बाजूंना मांस भरलेलं लागलं तर ठीक, हाडाची कडा धारदार लागली आणि दोन्हीकडे खळगा लागला तर तिच्या अंगातला साठा संपला. गळ्याखालची दाण्याची पिशवी: खाल्ल्यावर भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी; सकाळीही घट्ट गोळा लागला, किंवा फुगा लागून चोचीतून आंबूस वास आला, तर दाणा पुढे सरकत नाहीये आणि वरून खायला घालून उपयोग नाही. तोंड उघडून आतला रंग पाहा, गुलाबी हवा, पांढरा नको. आणि शेवटी पंखांखाली आणि शेपटीखाली पिसं उलटी करून कातडी पाहा. स्वयंपाकघरातला वजनकाटा असेल तर कापडी पिशवीत घालून वजनही करून ठेवा. आकडा लिहिलेला असला की दोन दिवसांनी अंदाज करत बसावं लागत नाही.

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय किड्यांवर आहे, शिटेवर नाही. कोंबडी एरवी मातीत लोळून अंगावरचे किडे झाडते. खुडूक बसली की तीन आठवडे लोळणं बंद, अंग गरम, जागा एकच आणि अंधारी. किड्यांना याहून चांगलं काय हवं? मुंबईच्या पावसाळी हवेत त्यांची नवी पिढी आठवड्याभरात तयार होते. उवा असतील तर त्या मोठ्या, पिवळसर, भरभर पळणाऱ्या असतात आणि शेपटीखाली पिसांच्या बुडाशी लिखांचे पांढरे झुपके दिसतात. त्या त्रास देतात, पण तुरा पांढरा पाडत नाहीत. तुरा पांढरा पाडतात ते रक्त पिणारे माइट, खसखशीएवढे, उपाशी असताना करडे आणि रक्त प्यायल्यावर लाल-काळे. त्यातले काही दिवसा लाकडाच्या फटीत लपतात आणि रात्री बाहेर येतात, काही चोवीस तास कोंबडीच्या अंगावर आणि पेंढ्यात राहतात. दिवसा हातावर चढतायत म्हणजे तुमच्याकडे दुसरे असावेत, किंवा पहिल्यांचीच संख्या हाताबाहेर गेली असावी. बसलेली कोंबडी उठत नाही, त्यामुळे तिचं रक्त रोज जातं. अंड्यांवर बसल्या जागी मेलेल्या कोंबड्यांमध्ये या किड्यांनी मारलेल्या पुष्कळ असतात.

आज रात्री नऊ-दहाच्या सुमाराला मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. पेटीच्या सांध्यांवर, खिळ्यांच्या डोक्यांभोवती, खुराड्याच्या दांडीच्या खालच्या बाजूला उजेड मारा. करड्या राखेचे ठिपके दिसले आणि ते सरकायला लागले, तर तेच. पांढरा फडका फटीवर दाबून चोळा. लाल रेघा उमटल्या तर ते तुमच्या कोंबडीचं रक्त आहे. हे किडे माणसाला चावतात, खाज येते, पण माणसावर वस्ती करत नाहीत. हातपाय साबणाने धुवा, कपडे गरम पाण्यात टाका. मात्र पेटी झोपायच्या खोलीच्या भिंतीला लागून असेल तर ती आजच हलवा.

उपाय दोन्हीकडे एकाच दिवशी हवा, कोंबडीवरही आणि जागेवरही. एकच केलं तर चार दिवसांत पुन्हा तेच. जुनी लाकडी पेटी वापरातून काढा. नवी जागा म्हणून प्लास्टिकचा क्रेट किंवा वेताची धुतलेली पाटी घ्या. खाली दोन बोटं कोरडी माती किंवा वाळू, त्यावर नवा पेंढा. मासळीच्या थर्माकोलच्या खोक्यात बसवू नका, कोंबडी ते टोचून खाते आणि आत हवा खेळत नाही. पेंढ्यात निर्गुडीचा किंवा कडुलिंबाचा पाला घालायची पद्धत आपल्याकडे आहे, घाला, बिघडत नाही, पण एवढी भरलेली कीड पाल्याने जाणार नाही. कोंबडीच्या अंगाला पशुवैद्यकाने सांगितलेली परमेथ्रिनची पावडर पंखांखाली, शेपटीखाली, मानेवर चोळायची, तोंड-डोळे वाचवून, आणि सात-आठ दिवसांनी पुन्हा एकदा, कारण किड्यांच्या अंड्यांतून नंतर निघालेली नवी कीड पहिल्या फेरीत मरत नाही. एक सावधगिरी कोळीवाड्यात मुद्दाम सांगावी लागते: परमेथ्रिन मांजराला विष आहे आणि मासळीलाही. पावडर लावलेली कोंबडी आणि मांजर एका जागी नकोत, आणि डबा-हात खाडीच्या कडेला धुवू नका. कुत्र्याच्या गोचिडीचा स्प्रे अंड्यांच्या कोंबडीवर मारायचा नाही. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्या हे तर अजिबात नको. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि तो वास, ते औषध आत पिल्लापर्यंत जातं. औषध मिळेपर्यंत लाकडाची चाळलेली गार राख वापरा. कोंबडी उठते त्या वेळी अंगणात राख आणि कोरड्या मातीचं घमेलं ठेवा, बरी वाटायला लागली की ती आपणहून त्यात लोळेल. चुना भिंतीला लावा, पेटीत नको, ओल्या कातडीला तो पोळतो. लाकडी दांड्या आणि फटींवर उकळतं पाणी ओतणं हा फुकटचा आणि चांगला उपाय आहे.

आता हिरवी शिट. उपाशी पक्ष्याच्या आतड्यात दाणा नसतो, नुसतं पित्त उतरतं, म्हणून शिट हिरवी येते. चार दिवस न उठलेल्या कोंबडीत मला हेच कारण जास्त पटतं. मानमोडीत, म्हणजे राणीखेत रोगातही हिरवी शिट असते, त्यामुळे लोक घाबरतात ते चूक नाही. पण मानमोडी एका कोंबडीत चार दिवस गप्प बसत नाही. घरघर, पंख पडणं, मान पिळणं, आणि दोन-तीन दिवसांत बाकीच्याही आडव्या. तुमच्या दोघी ठणठणीत आहेत, ही माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची माहिती तुम्ही शेवटी लिहिलीत. तरी त्यांचं दाणा-पाणी चार दिवस वेगळं ठेवा. आणि काकींना सांगा, कॅप्सूल राहू दे. उपासाला आणि किड्यांना टेट्रासायक्लिन लागू पडत नाही. पाणी कडू झालं की आधीच न पिणारी कोंबडी आणखी कमी पिते. शिवाय एका कॅप्सूलचं किती पाणी आणि किती वजनाला, हा हिशेब कोणी करत नाही. शिटेत रक्त दिसलं, किंवा पिवळी-फेसाळ शिट आली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा ताजी शिट डबीत घालून पशुवैद्यकाकडे तपासायला न्या. जंताचं औषधही आत्ता नको, ती अंगाने भरली की मग.

मागची पिसं मात्र आजच साफ करा. पावसाळ्यात घाणीवर माशी अंडी घालते आणि दीड-दोन दिवसांत कातडीत अळ्या पडतात. कोमट पाण्यात कापड भिजवून शिट आधी मऊ करा, ओढून काढू नका, कातडी सोलते. फारच गच्च झालेली पिसं कात्रीने कापा. सगळी कोंबडी बुडवू नका, तेवढाच भाग. मग टॉवेलने टिपून, हेअर ड्रायरच्या मंद वाऱ्याने पूर्ण कोरडी करा. ओली कोंबडी अंड्यांवर बसली की ओल आणि घाण दोन्ही कवचातून आत जातात. धुताना कातडीवर भोकं दिसली, अळ्या वळवळताना दिसल्या, तर हळद भरत बसू नका, दवाखाना.

पाणी आधी, दाणा नंतर. उचलून ठेवल्यावर पितच नसेल तर चोचीच्या कडेला थेंब थेंब लावा, ती गिळेल. चोच उघडून ड्रॉपरने आत पाणी सोडू नका. श्वासाचं भोक जिभेच्या बुडाशीच असतं, पाणी थेट फुप्फुसात जातं आणि दुसऱ्या दिवशी लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही. माणसांच्या ओआरएसची पुडी सांगितल्याच्या दुप्पट पाण्यात कालवून एक दिवस ठेवायला हरकत नाही, पण शेजारी साधं पाणीही हवंच. खायला भिजवलेली कणी, बाजरी, मऊ शिजवलेले मूग, बारीक चिरलेला शेवग्याचा पाला, आणि उकडून कुस्करलेलं अंडं. तुमच्या दोघी रोज घालतायत आणि घरात श्रावण आहे, तर ती अंडी हिलाच जाऊ द्या. सुरुवातीला चार चमचे, तासाभराने पुन्हा. उपाशी पोटावर एकदम पोटभर नको. श्रावण संपल्यावर जवळा द्याल तर भिजवून, पिळून द्या. खारवलेल्या मासळीचे तुकडे मात्र कधीच नाही, कोंबडीला मिठाची विषबाधा लवकर होते. कालवांच्या शिंपल्या कुटून घालायची आपली सवय चांगली आहे, पण ती अंडी घालणाऱ्या कोंबडीसाठी. खुडूक कोंबडी अंडी घालत नाही, तिला आत्ता कॅल्शियम नको, प्रथिनं हवीत. लेयरचं खाद्यही म्हणूनच नको. चिक स्टार्टर मिळालं तर उत्तम, पुढे पिल्लांनाही तेच चालतं. दाणा-पाणी पेटीत ठेवलं तर ती जागीच शिटेल आणि अंडी घाण होतील. तेव्हा दिवसातून दोनदा तुम्हीच उचलून बाहेर ठेवायचं, निदान पंधरा मिनिटं.

आता तुमचा खरा प्रश्न, अंड्यांचा. आधी हिशेब करू. कोंबडा गटारीला गेला. कोंबड्याशी शेवटचा संबंध आल्यावर कोंबडी साधारण दहा दिवस ते दोन आठवडे फळणारी अंडी घालते, आणि शेवटी शेवटी प्रमाण घसरत जातं. अंडी साठवलीत श्रावणाच्या पहिल्या दिवसापासून पौर्णिमेपर्यंत. उबवणीसाठीचं अंडं आठवड्याच्या आत खाली जावं. मुंबईत पावसाळ्यातही घरात २८-३० अंश असतात, एवढ्या उबेत गर्भ अर्धवट जागा होतो आणि मरतो. म्हणजे पहिल्या आठवड्यातली शिळी आणि शेवटची बिनकोंबड्याची. मधली काही आशेची. शेजारचा कोंबडा तुमच्या अंगणात येऊन जात असेल तर हिशेब तुमच्या बाजूने झुकेल, ते तुम्हालाच माहीत. पण १४ पिल्लांच्या आशेवर तुम्ही निर्णय अडवून ठेवला असेल, तर तो आकडा डोक्यातून काढा.

आज रात्रीच अंडी उजेडात पाहा. खोलीत अंधार करा, पुठ्ठ्याची लहान नळी मोबाइलच्या टॉर्चवर धरा आणि अंड्याचा बोथट भाग तिच्यावर टेकवा. बाराव्या दिवशी जिवंत अंडं बरंचसं काळोखं दिसतं, वर हवेची पोकळी स्वच्छ, कडेला लाल शिरा, आणि दहा-पंधरा सेकंद थांबलात तर आत हालचाल. नुसतं पिवळं, आरपार दिसलं तर ते फळलेलं नाही. आत लाल कडं दिसलं आणि बाकी शिरा नाहीत, तर सुरू होऊन मेलेलं. वास येणारी, कवचावर ओल सुटलेली अंडी झटकू नका, हळूच कपड्यात धरून लांब नेऊन पुरा. ती पेटीत फुटली की शेजारची अंडीही जातात. शंका असलेल्या अंड्यावर पेन्सिलने खूण करून तीन दिवसांनी पुन्हा पाहा. बाहेर काढलेली अंडी गार पडतील म्हणून घाबरू नका. कोंबडी रोज उठते तेव्हाही ती गार होतातच. या हवेत अर्धा तास काहीच नाही. गारव्यापेक्षा जास्तीच्या उष्णतेने गर्भ लवकर मरतो.

त्यानंतर निर्णय सोपा होतो. एकही जिवंत नसेल तर आजच उठवा तिला. जिवंत असतील आणि छातीचं हाड धारदार लागत नसेल, बाहेर काढल्यावर ती खात असेल, तर किडे मारून, स्वच्छ पाटीत, फक्त जिवंत अंड्यांवर तिला बसू द्या. खुडूक कोंबडीला ओढून काढण्यापेक्षा दोनदा उचलून खाऊ घालणं तिला कमी जाचाचं जातं. पण हाड धारदार असेल, तोंड आतून पांढरं असेल, किंवा उद्या संध्याकाळपर्यंत ती नीट खायला लागली नाही, तर अंडी काढायची. अजून नऊ दिवस आहेत आणि तेवढे दिवस ती काढू शकणार नाही. पिल्लं निघण्याच्या आदल्या दिवशी मेलेली कोंबडी म्हणजे कोंबडीही गेली आणि पिल्लांना ऊबही नाही. इथे मी कोंबडीच्या बाजूने असतो, कायम.

काढलेल्या अंड्यांना सगळ्यात चांगली जागा म्हणजे वस्तीतली दुसरी खुडूक कोंबडी. रात्री अंधारात, हात तिच्या पोटाखाली सारून एकेक ठेवा. मात्र अंड्यांवर कीड असेल तर आधी कोरड्या फडक्याने पुसा, धुवू नका. कोंबडी नसेल तर इन्क्युबेटर. ऑनलाइन मिळणारे छोटे थर्माकोलचे चालतात, पण त्यांच्यावरच्या आकड्यावर विसंबू नका, वेगळा थर्मामीटर आत ठेवा. पंखा असलेल्यात ३७.५ अंश. माहितीपत्रकात लिहिलेलं असतं की पाण्याची वाटी भरून ठेवा. मुंबईच्या भाद्रपदात ते आंधळेपणाने पाळू नका. बाहेरच ८०-८५ टक्के दमटपणा असतो. अठराव्या दिवसापर्यंत आत ५० ते ५५ टक्के पुरे, त्यासाठी बहुधा पाणी लागतच नाही. दमटपणा जास्त झाला की अंड्यातलं पाणी उडत नाही, हवेची पोकळी लहान राहते आणि पूर्ण वाढलेलं पिल्लू कवचातच गुदमरतं. शेवटचे तीन दिवस अंडी फिरवणं बंद आणि दमटपणा ६५-७० पर्यंत वाढवायचा.

एक गोष्ट तुमच्या कोंबडीला लागू नाही, पण हेच वाचून दुसरं कोणी करेल म्हणून सांगतो. कोंबडी कालच पेटीत गेली आणि सारखी जोर करतेय, शेपूट वरखाली होतेय, उभी राहिली तर शरीर ताठ उभं, तर ती खुडूक नसेल, अंडं अडकलेलं असेल. ते तासांत बघायचं दुखणं आहे, दिवसांत नाही. तसंच तुऱ्यावर-डोळ्याभोवती काळ्या खपल्या आल्या तर देवी, पावसाळ्यात डासांमुळे येतात, औषध नाही, जेवण आणि मच्छरदाणी. डोळ्यात फेस, नाकाला पाणी आणि घरघर असेल, तर त्या कोंबडीची स्वतःची अंडी उबवायलाच ठेवू नका. त्या दुखण्याचे काही जंतू अंड्यातूनच पिल्लात उतरतात. एका पायावर लंगडत असेल तर तळवा उलटा करून पाहा, काळी खपली आणि खाली गाठ लागली तर तो पू आहे, घरी ब्लेड लावू नका.

आणि कधी एका दिवसात दोन-चार पक्षी मेले, तर कापू नका, खाडीत टाकू नका, शेजाऱ्याला देऊ नका. २००६ साली नवापूरला बर्ड फ्लू निघाला, २०२२ साली शहापूरच्या वेहळोलीत, म्हणजे आपल्या शेजारच्याच ठाणे जिल्ह्यात. जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. एकटाच पक्षी मेला आणि कारण कळलं नाही, तर तो प्लास्टिकमध्ये गुंडाळून बर्फावर ठेवा आणि पशुवैद्यकाला विचारून शवविच्छेदनाला द्या. फ्रीझरमध्ये गोठवला की तपासणीला फारसा उपयोग राहत नाही.

तुमचा एकविसावा दिवस गौरी-गणपतीत येतोय. घरात माणसं, अंगणात ढोल, फटाके. पाटी आत्ताच मागच्या पडवीत, शांत, अंधाऱ्या कोपऱ्यात हलवा. शेवटच्या तीन दिवसांत जागा बदलायची नाही. चोचीने कवचाला पहिलं भोक पाडल्यावर पिल्लू बाहेर यायला बारा ते चोवीस तास घेतं, कवच सोलून मदत करू नका. पहिले दोन दिवस पिल्लं पोटातल्या बलकावर निघतात, त्यामुळे आईला घाईने उठवायचीही गरज नाही. पिल्लांना मात्र किडे आईपेक्षा फार लवकर मारतात, म्हणून दुसऱ्या वेळची पावडर पिल्लं निघण्याच्या दोन दिवस आधी उरकलेली हवी. कोंबडी अशक्त असेल तर रात्री खोक्यात साधा पिवळा बल्ब लावा, ४० ते ६० वॉटचा, एका कोपऱ्यात, म्हणजे गरम झालं तर पिल्लांना लांब जाता येईल. एलईडी उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लांना पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लशीचा थेंब डोळ्यात. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची येते आणि उघडून कालवली की तास-दोन तासांत संपवायची असते, तेव्हा आळीतल्या चार घरांनी मिळून, बर्फाच्या थर्मासमधून आणा.

अंडी काढून घ्यावी लागली तर ती रिकाम्या जागेवरही बसून राहील, कदाचित दोन-तीन आठवडे, आणि उपास चालूच राहील. म्हणून खुडूक मोडावीच लागेल. आपल्याकडे यासाठी नाकात पीस खुपसतात, गार पाण्याच्या बादलीत बुचकळतात, डालग्याखाली उपाशी कोंडतात. यातलं काहीही या अशक्त कोंबडीला करू नका, आणि धडधाकट कोंबडीलाही करू नये असं माझं मत आहे. तिला तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, चार विटांवर उंच, उजेडात आणि वाऱ्यात ठेवा, पेंढा-गोणपाट काही नको, दाणा-पाणी भरपूर. पोटाखाली गार हवा लागली की तीन-चार दिवसांत ती मोडते. पुन्हा अंडी सुरू व्हायला पुढे दोन-तीन आठवडे लागतील आणि रक्त भरून यायलाही तेवढे लागतातच. पावडर किंवा दुसरं औषध दिलं असेल तर अंडी किती दिवस खायची नाहीत हे देणाऱ्यालाच विचारून घ्या. पुढच्या वेळी ती खुडूक बसेल तेव्हा वजन आधीच्या आकड्याला आलेलं नसेल तर तिच्याखाली अंडी ठेवू नका. कार्तिकानंतर, हवा कोरडी झाल्यावर बसवलीत तर किड्यांचाही निम्मा त्रास वाचेल, आणि तोवर एक कोंबडा आणून ठेवा.